युरोपची सीमा सहारला लागते

“बॅग कोण उचलणार, सर?”

सहारला रात्री पावणेदोन वाजता चेक-इन काउंटरवरच्या मुलीनं माझ्या भाच्याला हे विचारलं, तेव्हा त्याला वाटलं ही वजनाबद्दल बोलतेय. बॅग तेवीस किलोच्या आत होती, घरी दोनदा काट्यावर चढवलेली. तो म्हणाला, “मीच उचलतो की.” मुलगी हसली नाही. “पॅरिसला कोण उचलणार?”

भाचा साओ पावलोला निघाला होता. ब्राझीलचा व्हिसा होता, निमंत्रणाचं पत्र होतं, हॉटेलचं बुकिंग होतं. मुंबई ते पॅरिस एका कंपनीचं तिकीट, पॅरिस ते साओ पावलो दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही सुटी सुटी काढलेली, कारण त्यात बावीस हजार रुपये वाचत होते. मध्ये सहा तास. “मी विमानतळाबाहेर पाऊलच टाकणार नाहीये,” असं त्यानं तीनदा सांगितलं. तिनंही तीनदा तेच सांगितलं: तिकिटं दोन आहेत, तेव्हा बॅग पॅरिसपर्यंतच जाणार. पॅरिसला ती पट्ट्यावर येणार. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. इमिग्रेशन ओलांडलं की तुम्ही फ्रान्समध्ये शिरलात, आणि फ्रान्समध्ये शिरायचा व्हिसा तुमच्याकडे नाही.

साडेतीनला आम्ही बॅगेसकट टॅक्सीत होतो. बावीस हजार वाचवायला गेलो आणि दोन्ही तिकिटं पाण्यात गेली. अशा वेळी नुकसानभरपाईही मिळत नाही. कागद अपुरे म्हणून न चढवणं हे विमान कंपनीच्या चुकीत धरत नाहीत. मला त्या मुलीचा राग आला होता, हे कबूल करते. नंतर नियम वाचायला बसले तेव्हा कळलं, तिचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. घरातली तिकिटं काढायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे, आणि त्यात जे कळत गेलं ते इथं सांगते.

सगळ्यात आधी, ती मुलगी एवढी ठाम कशी होती ते. काउंटरवर पासपोर्ट दिला की समोरच्या पडद्यावर ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसाठ्यातले नियम येतात. तो ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना चालवते. कुठल्या देशाचा पासपोर्ट, कुठून कुठे, वाटेत कुठे थांबणार, हातात आणखी कुठला व्हिसा, एवढं भरलं की पडद्यावर उत्तर येतं: जाऊ द्या, किंवा थांबवा. दूतावासात कोणी फोनवर काय सांगितलं, मित्र गेल्या वर्षी कसा गेला, यूट्यूबवरचा माणूस काय म्हणाला, यातलं काहीही त्या पडद्यावर नसतं.

आणि विमान कंपनी पडद्याचं ऐकते, कारण चुकीचा प्रवासी नेला तर दंड तिलाच होतो. ब्रिटननं १९८७ साली तसा कायदाच केला. त्या वर्षी श्रीलंकेतल्या यादवीतून निसटलेले तमिळ लोक हीथ्रोवर उतरून आश्रय मागू लागले आणि सरकारनं घाईघाईनं कागद नसलेल्या दर प्रवाशामागं विमान कंपनीला हजार पौंडांचा दंड लावला. आज तो दोन हजार पौंड आहे. युरोपीय संघानं २००१ साली आपल्या सदस्यांना सांगितलं की दंडाची कमाल मर्यादा पाच हजार युरोंपेक्षा कमी नको, किंवा किमान दंड तीन हजारांपेक्षा कमी नको. आपण यात मागं नाही: भारतानं २००० सालच्या कायद्यात हाच दंड एक लाख रुपये ठेवला होता. वर, परत पाठवलेल्या माणसाला ज्या कंपनीनं आणलं तिनंच माघारी न्यायचं, हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे तीस हजारांच्या तिकिटासाठी कंपनी दोन-अडीच लाखांचा धोका पत्करणार का? नाही पत्करणार. म्हणून फ्रान्सची सीमा पॅरिसला लागत नाही. ती सहारच्या काउंटरवर लागते आणि तिथं पहारा द्यायला फ्रान्सचा एकही माणूस लागत नाही. चतुर व्यवस्था आहे. आवडो न आवडो, चतुर आहे.

‘व्हिसा लागत नाही’ याचे चार अर्थ

दर वर्षी एक यादी व्हॉट्सॲपवर फिरते: भारतीयांना अमुक इतक्या देशांत व्हिसाशिवाय प्रवेश! त्या आकड्यात चार निरनिराळ्या गोष्टी एका पिशवीत भरलेल्या असतात.

पहिली, खरीखुरी व्हिसामुक्ती. आधी अर्ज नाही, पैसे नाहीत, उतरलात की शिक्का. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना असं येऊ दिलं. आधी ३० दिवस होते, जुलै २०२४ मध्ये ते ६० झाले. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस दिले आणि ती सवलत पुढं २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. फिलिपिन्सनं जून २०२५ पासून १४ दिवस दिले, कझाकस्ताननं २०२२ पासून १४ दिवस. मॉरिशस तर आपल्या घरचंच. तिथं आजही मराठी आडनावांची माणसं गणपती बसवतात, आणि तिथंही आधी व्हिसा काढावा लागत नाही. नेपाळची गोष्ट वेगळी. १९५० च्या मैत्री करारामुळं तिथं भारतीयांना व्हिसा नाहीच, विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र फक्त पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांना चालतं. चाळिशीतला माणूस आधार घेऊन काठमांडूच्या विमानाला उभा राहिला तर तोही टॅक्सीनं घरी येतो.

दुसरी, उतरल्यावर मिळणारा व्हिसा. मालदीवला तो फुकट आणि सगळ्यांना मिळतो. इंडोनेशियात, म्हणजे बालीला, पाच लाख रुपिया मोजावे लागतात. आकडा ऐकून घाम फुटतो, पण आपल्या पैशात ते तीन हजारांच्या आसपास बसतात. इथं काउंटरवर रांग असते, पैसे लागतात, आणि नकारही मिळू शकतो. तेव्हा याला व्हिसामुक्ती म्हणणं म्हणजे पंगतीत पैसे देऊन जेवल्यावर आमंत्रण होतं असं सांगण्यासारखं आहे.

तिसरी, ई-व्हिसा. हा पूर्ण व्हिसाच असतो, फक्त घरी बसून काढायचा. व्हिएतनामला भारतीयांना तो लागतो. एकदा जाण्यासाठी २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. “अहो, हनोईला तर ऑन अरायव्हल मिळतो ना?” हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलंय. ई-व्हिसा आधी काढला नसेल तर सहारलाच थांबाल.

चौथी, ईटीए. व्हिसा नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन परवानगी. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द केला आणि त्याच्या जागी ईटीए सुरू केली. अर्ज भरायचा, फोटो चढवायचा, पैसे भरायचे, मंजुरीची वाट बघायची. नाव बदललं, काम तेच. ब्रिटनचीही ईटीए आहे, पण ती ज्यांना ब्रिटनचा व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी. भारतीय पासपोर्टवाल्यानं ती काढायला जाऊ नये. आपल्याला व्हिसाच लागतो. असे अर्ज भरून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, त्या फक्त पैसे घेतात.

शिवाय व्हिसामुक्त देशातही आता फॉर्म आलेत. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून लागतं, मलेशियाचं तसंच एक आहे. दोन्ही फुकट. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे.

आणखी एक, जे यादीत कधीच लिहीत नाहीत: व्हिसा लागत नाही याचा अर्थ प्रवेशाचा हक्क मिळाला असा होत नाही. अर्जाची पायरी तेवढी काढली. जी चौकशी दूतावासात झाली असती ती आता खिडकीवर उभ्या उभ्या होते. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, हातात पैसे. बँकॉकला दर माणशी वीस हजार बाट दाखवा असं सांगू शकतात. काय काम करता, किती दिवस, कोणाकडे, यांची उत्तरं नवरा-बायकोनं एकच द्यावीत. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यातला नवरा पाच दिवस म्हणाला आणि बायको आठ. दोघंही खरंच बोलत होते. तिला तीन दिवस मैत्रिणीकडे राहायचं होतं. अर्धा तास बाजूच्या खोलीत बसवलं.

आणि व्हिसामुक्त प्रवेश फिरण्यासाठी असतो, नोकरीसाठी नाही. हे ऐकायला साधं वाटतं, पण लोकांच्या जिवावर बेतलेलं आहे. थायलंडला व्हिसा लागत नाही याचा फायदा घेऊन दलालांनी आपल्याकडच्या पोरांना ‘बँकॉकमध्ये डेटा एंट्री’ म्हणून नेलं आणि सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलं. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या २८३ भारतीयांना हवाई दलाच्या विमानानं थायलंडमधल्या माए सोटहून परत आणावं लागलं. नोकरी देणारा ‘व्हिसाची गरज नाही, फक्त ये’ म्हणत असेल, तर तिथंच ओळखावं.

ट्रान्झिट: विमानतळाच्या पोटात दोन खोल्या

आता भाच्याच्या प्रकरणाकडे. आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन भाग असतात असं समजा. एक आतला, विमानातून उतरून इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंतचा, दुसरा खिडकीपलीकडचा. आतल्या भागात असेपर्यंत बहुतेक देश म्हणतात, तुम्ही अजून आमच्याकडे आला नाहीत. दुबई, अबू धाबी, दोहा, सिंगापूर, इस्तंबूल इथं एकाच तिकिटावर, आतल्या आत विमान बदलायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. रात्रभर खुर्चीत झोपा, कोणी हटकत नाही.

मग भाचा नुसती हातातली बॅग घेऊन गेला असता तर? पट्ट्याकडे जायचं कारणच नव्हतं. तरी त्याला अडवलं असतं. युरोपात आतल्या भागात थांबायलाही काही देशांच्या लोकांना वेगळा व्हिसा लागतो, एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमा उघड्या ठेवून एकच व्हिसा देणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यांची एक सामाईक यादी आहे, बारा देशांची. आपल्या शेजारचे अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका त्यात आहेत. भारत नाही. पण कुठल्याही सदस्य देशाला आपल्यापुरती यादी वाढवता येते, आणि जर्मनी व फ्रान्स यांनी आपापल्या यादीत भारत घातला होता. म्हणून झुरिक किंवा ॲमस्टरडॅममधून आतल्या आत जाणारा मराठी माणूस व्हिसाशिवाय पार होतो, आणि तोच फ्रँकफर्टला अडायचा. शेंगेन एक असूनही. याचं कारण विचाराल तर तेच जुनं: वाटेत विमान बदलताना पासपोर्ट फाडून आश्रय मागणारे लोक. एकानं केलं, ओझं सगळ्यांवर.

जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीचे चान्सलर भारतात आले तेव्हा भारतीयांसाठी ही अट काढत असल्याचं जाहीर झालं. चांगली बातमी आहे. पण जाहीर होणं आणि काउंटरवरच्या पडद्यावर बदलणं या दोन तारखा असतात. तुमचं तिकीट ज्या तारखेचं आहे त्या तारखेला काय लागू आहे, ते त्या देशाच्या दूतावासाच्या पानावरच बघा. वर्तमानपत्रातलं कात्रण काउंटरवर चालत नाही.

युरोपचा आणखी एक खड्डा आहे आणि तो जास्त खोल आहे. समजा तिकीट मुंबई–झुरिक–लिस्बन–बॉस्टन असं आहे, एकाच पीएनआरवर, बॅग थेट बॉस्टनला. स्वस्त असतं, आणि साइट ते हसत हसत विकते. पण झुरिक ते लिस्बन हा शेंगेनच्या आतला प्रवास, आपल्या मुंबई–नागपूरसारखा. त्या विमानात बसायचं तर झुरिकलाच इमिग्रेशन ओलांडून युरोपात शिरावं लागतं. इथं ट्रान्झिट व्हिसाही कामाचा नाही, पूर्ण शेंगेन व्हिसाच लागतो. वाटेत शेंगेनचे दोन विमानतळ सलग आले की हा नियम लागतो, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आणि शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले. त्यामुळं पाच वर्षांपूर्वी कोणी सोफियामार्गे गेला असेल तर त्याचा अनुभव आता जुना झाला.

ब्रिटनचं गणित निराळं. हीथ्रोवर आतल्या आत विमान बदलायलाही भारतीयाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. बाहेर पडून बदलायचं तर दुसरा, ४८ तासांचा. सुटका कोणाला? मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला निघालेल्या आणि त्या देशाचा चालू व्हिसा असलेल्याला. टोरोंटोला मुलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना लंडनमध्ये काही लागत नाही, ते या सवलतीमुळं. बाहेर पडून विमान बदलणाऱ्यालाही ही सवलत मिळते; अट एवढीच की दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत विमानानं ब्रिटन सोडायचं. तरी अंतिम होकार खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा.

अमेरिकेला आतला भागच नाही. तिथं उतरणारा प्रत्येक माणूस इमिग्रेशनपुढं उभा राहतो, मग तो तासाभरात पुढं जाणार असला तरी. पूर्वी व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सोय होती; ती ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद केली, ती बंदच आहे. कॅनडालाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नसते, पण अर्ज, बोटांचे ठसे आणि वाट बघणं असतंच.

याचा चटका कुठं बसतो ते सांगते. २९ जून २०२४, बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, रोहित शर्माच्या हातात कप. बार्बाडोस भारतीयांकडून व्हिसा मागत नाही. जमैका मागत नाही, त्रिनिदादही नाही. कॅरिबियनची अर्धी बेटं आपल्याला दार उघडं ठेवून बसलीत. पण मुंबईहून तिथं थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे गेलात तर अमेरिकेचा व्हिसा, टोरोंटोमार्गे गेलात तर कॅनडाचा, लंडनमार्गे गेलात तर ब्रिटनचा ट्रान्झिट. त्यात कॅरिबियनची बरीच विमानं लंडनला गॅटविकहून सुटतात; तुम्ही हीथ्रोवर उतरलात, तर बाहेर पडून तास-दीड तास बसनं जायचं, म्हणजे आतल्या भागाचा प्रश्नच मिटला. गाव व्हिसा मागत नाही, वाट मागते.

एका शहरात दोन विमानतळ असले की हे होतंच. टोकियोत नारिता आणि हानेदा, इस्तंबूलला नवा विमानतळ आणि पलीकडच्या आशियाई बाजूचा सबिहा गोकचेन. तिकिटावर शहराचं नाव एकच दिसतं. कंसातली तीन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

एक व्हिसा दुसऱ्याला जामीन

वर सारखा अमेरिकेचा व्हिसा आला. ते उगाच नाही. जगातल्या बऱ्याच देशांनी चौकशीचा खर्च वाचवायला एक सोपी युक्ती केली आहे: अमेरिकेनं तपासलं ना, मग आम्हाला चालेल. पासपोर्टातला तो एक व्हिसा बाकीच्या दारांपाशी जामीन राहतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयाला दुबईत उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो, मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही, आणि सिंगापूरला विमान बदलताना ९६ तास शहरात फिरता येतं. सिंगापूर यासाठी ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी अशा ठरावीक देशांचा व्हिसाही धरतं. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा चालू व्हिसा असणाऱ्याला शेंगेनच्या एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसातूनही सूट मिळते. माझ्या भाच्याकडे तो असता आणि तिकीट एकच असतं, तर तो त्या रात्री निवांत गेला असता.

पण जामीन जिवंत पाहिजे. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांचं इथंच चुकतं. नोकरी चालू आहे, राहण्याची मुदत वाढल्याचं सरकारी पत्र आहे, सगळं कायदेशीर आहे. पण पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा दीड वर्षापूर्वी संपलाय. अमेरिकेत राहायला त्यानं काही बिघडत नाही. घरी यायला निघाला, युरोपमार्गे तिकीट काढलं, की काउंटरवर विचारणा सुरू. राहण्याचा परवाना आणि दाराशी दाखवायचा व्हिसा हे दोन वेगळे कागद आहेत, आणि ट्रान्झिटच्या सवलती बहुतेक या दुसऱ्यावर उभ्या असतात. आईच्या साठीला यायचं आहे आणि व्हिसा संपलेला आहे, तर आखातामार्गे यावं. चार तास जास्त लागतील, लागू देत.

त्याच कुटुंबात आणखी एक गंमत असते. आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय, तीन वर्षांच्या पोराचा अमेरिकन. एकाच रांगेत, एकाच पीएनआरवर, नियम दोन. पोरगं फ्रँकफर्टला बाहेर पडून बर्फ बघून येऊ शकतं, आई खुर्चीतून उठू शकत नाही. उलट भारतात उतरताना आई-बाबांना काही लागत नाही, पोराला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) किंवा व्हिसा लागतो. ओसीआय घरी कपाटात राहिलं म्हणून अडकलेली कुटुंबं मला माहीत आहेत. गोव्यात तर हे दर दुसऱ्या वाड्यात सापडतं. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. ज्यानं घेतलं तो लंडनला नुसत्या ईटीएवर जातो, आणि त्याचा सख्खा भाऊ, भारतीय पासपोर्टवाला, व्हिसाच्या अर्जासाठी कागद जुळवत बसतो. मात्र भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, आणि मग स्वतःच्या मडगावच्या घरी यायलाही ओसीआय किंवा व्हिसा लागतो.

दिवस मोजण्यात तर शिकलेली माणसं चुकतात. शेंगेनचा व्हिसा ‘९० दिवस’ म्हणतो, पण ते मागच्या १८० दिवसांतले ९०, आणि ही १८० दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढं सरकते. महिना बदलला, वर्ष बदललं म्हणून पाटी कोरी होत नाही. येण्याचा दिवस धरतात, जाण्याचाही. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो एक पूर्ण दिवस गेला. पूर्वी अधिकारी शिक्क्यांवरून बोटं मोजायचा, आणि कधी चुकायचाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं नवी संगणकीय नोंद सुरू केली आहे, चेहरा आणि बोटांच्या ठशांसकट. संगणक बोटं मोजत नाही.

पासपोर्टाचं तेवढंच सांगते आणि पुढं जाते: सहा महिने शिल्लक, दोन कोरी पानं, नाव तिकिटावर आणि पासपोर्टावर अक्षर न् अक्षर सारखं.

नियम एकतर्फी असतात, ही यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट. आपण त्यांना काय देतो यावर ते काय देतात हे बरेचदा अवलंबून नसतं. आणि दिलेलं रात्रीत काढून घेता येतं. सर्बिया भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ द्यायचा. युरोपीय संघाला वाटलं की तिथून लोक चोरवाटेनं आत येतात, दबाव आला, आणि १ जानेवारी २०२३ पासून दार बंद. इराणनं फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ दिवसांची सवलत दिली, आणि नोकरीच्या आमिषानं नेलेल्या भारतीयांची तिथं अपहरणं होऊ लागल्यावर २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती थांबवली. ज्यांनी तिकिटं आधी काढली होती त्यांचं काय झालं, हे कोणी विचारत बसलं नाही.

म्हणून मी आता उलट्या क्रमानं काम करते. आधी भाडं बघत नाही. आधी वाट बघते: कुठल्या कुठल्या विमानतळांना पाय लागणार, त्यातले सलग दोन शेंगेनचे आहेत का, विमानतळ बदलतो का, पीएनआर एक आहे का. मग प्रत्येक पासपोर्टासाठी ती वाट वेगळी तपासते, आयाटाच्या पानावर आणि त्या देशाच्या सरकारी साइटवर. एकदा तिकिटाच्या आधी, आणि पुन्हा निघण्याच्या चार दिवस आधी. सापडलेलं छापून घेते. फोनची बॅटरी नेमकी काउंटरवर संपते, हा माझा अनुभव आहे. सगळं जुळलं की मग भाडं. बऱ्याचदा स्वस्त तिकीट तिथवर टिकतच नाही.

भाचा दोन महिन्यांनी गेला. दुबईमार्गे, एकाच तिकिटावर. पुन्हा सहार, पुन्हा रात्र, काउंटरवर या वेळी एक मुलगा होता. त्यानं बॅग पट्ट्यावर घेतली, पडद्याकडे पाहिलं, मुठीला टॅग गुंडाळला. भाचा वाकून टॅग वाचत होता. “काय बघताय सर?”

“शेवटची तीन अक्षरं,” तो म्हणाला. “जीआरयू. साओ पावलो. बरोबर ना?”

“बरोबर. बॅग आता तिथंच भेटेल.”